पावसाळ्यात मुंबईहून केपकडे: शंभर मैलांचा वळसा आणि इंधनाचा खरा हिशेब

प्रश्न असा आहे. जुलैमध्ये मुंबईहून माल भरून डर्बन आणि पुढे केप ऑफ गुड होपकडे निघालेल्या जहाजाला हवामान-सल्ला देणारे लोक सरळ रेषा सोडून शंभरेक मैल जास्त चालायला सांगतात. जास्त मैल म्हणजे जास्त इंधन आणि जास्त कार्बन डायऑक्साइड. मग हा वळसा कशासाठी? की सीआयआयच्या (जहाजाच्या कार्बन-कार्यक्षमतेच्या आंतरराष्ट्रीय मोजमापाच्या) वार्षिक श्रेणीत जहाज बरं दिसावं म्हणून मैल वाढवले जातात?

वळशाने इंधन खरोखर वाचतं, पण पावसाळ्याच्या प्रत्येक आठवड्यात वाचतंच असं नाही. आणि वळशाने मिळालेले तास पुढच्या बंदराबाहेर नांगर टाकून घालवले, तर मिळू शकणाऱ्या बचतीतला निम्म्याहून मोठा वाटा हातातून जातो. सीआयआयबद्दलची शंका रास्त आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी शांत पाण्याचा हिशेब पक्का हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जहाज ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते. वेग दहा टक्के कमी केला की ताकद 27 टक्के कमी लागते. प्रवास अकरा टक्के लांबतो, म्हणून संपूर्ण प्रवासाचं इंधन सुमारे 19 टक्क्यांनी उतरतं. मेन इंजिनचं दिवसाचं इंधन घनाने बदलतं आणि मैलामागचं इंधन वर्गाने, हा फरक डोक्यात ठेवला की निम्मे वाद मिटतात.

उदाहरणाला एकच जहाज घेऊ. 58,000 टन डेडवेटचं (इंधनासकट एवढं वजन वाहू शकणारं), 190 मीटर लांब, 32 मीटर रुंद, पूर्ण भरलेलं बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज. शांत समुद्रात 12.5 नॉटला (तासाला 12.5 सागरी मैल) मेन इंजिन दिवसाला 24 टन इंधन घेतं. किलोवॅट-तासाला 175 ग्रॅम धरले तर ही सुमारे 5,700 किलोवॅट ताकद झाली, आणि सागरी मैलाला 80 किलो इंधन. हे आकडे समजुतीसाठी आहेत. स्वतःच्या जहाजाचे आकडे घालून हाच हिशेब करावा.

आता खराब हवामान. यात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्या वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात.

पहिला वारा. हवेचा रोध जहाजावरून वाहणाऱ्या सापेक्ष वाऱ्याच्या वर्गाने वाढतो. हवा अगदी पडलेली असतानाही 12.5 नॉटने चाललेल्या जहाजाच्या डेकवर 12.5 नॉटचा वारा असतोच. समोरून 25 नॉटचा वारा सुटला की डेकवर 37.5 नॉट होतात. वारा तिप्पट, रोध नऊपट. भरलेल्या बल्क कॅरिअरचा पाण्यावरचा भाग कमी, म्हणून शांत हवेत हा वाटा जेमतेम काही टक्के असतो. कंटेनर जहाज किंवा मोटारी नेणारं उंच जहाज असेल तर नऊपट म्हणजे फार मोठा आकडा होतो. वारा बाजूने असला तरी सुटका नाही. जहाज वाऱ्याखाली सरकतं, मार्ग राखायला ऑटोपायलट सुकाणू सतत काही अंश एका बाजूला धरून ठेवतो, आणि तिरपं धरलेलं सुकाणू हा पाण्यातला ब्रेकच असतो.

दुसरी लाट. लाटेमुळे वाढणारा रोध उंचीच्या साधारण वर्गाने वाढतो. दोन मीटरच्या जागी चार मीटरची लाट आली तर तो चौपट होतो. पण उंचीइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व लाटेच्या लांबीला आहे आणि तिकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायला आवर्तकाळाच्या (एका लाटेनंतर दुसरी येईपर्यंतच्या वेळेच्या) सेकंदांचा वर्ग करून 1.56 ने गुणायचं. 8 सेकंदांची लाट 100 मीटरची. 11 सेकंदांची लाट 189 मीटरची. आपलं जहाज 190 मीटरचं. समोरून येणाऱ्या लाटेची लांबी जहाजाच्या लांबीइतकी झाली की नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, सर्वांत जास्त वरखाली होते आणि रोध कळसाला पोचतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या भर हंगामात अरबी समुद्रातली लाट नेमकी याच 9 ते 12 सेकंदांच्या घरात असते. म्हणून तीच चार मीटरची लाट 190 मीटरच्या जहाजाला छळते आणि 360 मीटरच्या कंटेनर जहाजाला फारसं काही करत नाही. शेजारून गेलेल्या मोठ्या जहाजाने सरळ रेषा धरली म्हणून आपणही धरावी, या तर्कात हीच चूक असते.

यातून सुटण्याची वाटही त्याच सूत्रात आहे. हीच लाट नाळेवर 45 अंशांतून घेतली की जहाजाच्या लांबीच्या दिशेने ती 267 मीटरची भासते. जुळणी मोडते, नाळेचं आपटणं कमी होतं, वेग एकदीड नॉटने परत मिळतो. मात्र आणखी वळवून लाट थेट बाजूवर घेऊ नये. जहाजाचा डोलण्याचा नैसर्गिक काळ रुंदीला 0.8 ने गुणून आणि जीएमच्या (जहाजाच्या स्थैर्याचं मीटरमधलं माप) वर्गमुळाने भागून अंदाजे मिळतो. 32 मीटर रुंदी आणि जड मालामुळे 4 मीटर जीएम असेल तर 12.8 सेकंद. बाजूने येणारी 11 सेकंदांची लाट याच्या अगदी जवळची, म्हणून जहाज जबर डोलेल. 45 अंशांवर साडेदहा नॉटला तीच लाट दर 9 सेकंदांनी भेटते, तेव्हा अंतर सुरक्षित राहतं. ओलसर बारीक खनिज भरलेलं असेल तर हे डोलणं इंधनाच्या हिशेबाबाहेरचं आहे. 2009 च्या जुलैत मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट हे जहाज लोहखनिजाची ओली भुकटी चिखलासारखी वाहू लागल्याने बुडालं. अशा मालाला वळसा द्यायचा तो आधी माणसांसाठी, मग टनांसाठी.

तिसरी गोष्ट प्रोपेलर. रोध वाढला की प्रोपेलर तेवढेच फेरे मारून कमी अंतर कापतो, म्हणजे स्लिप वाढते. 4.2 मीटर पिचचा (एका फेऱ्यात तत्त्वतः एवढं अंतर कापणारा) प्रोपेलर 105 आरपीएमने तासाला 26,460 मीटर, म्हणजे 14.3 सागरी मैल, कापायला हवा. प्रत्यक्ष वेग 12.5 असेल तर स्लिप साडेबारा टक्के, हे ठीक आहे. मोसमी समुद्रात फेरे 100 वर आले, वेग 9 वर आला, तर स्लिप 34 टक्क्यांवर जाते. याच वेळी इंजिन जड चालतं. फेरे कमी, टॉर्क जास्त, एक्झॉस्टचं तापमान वर, फ्युएल इंडेक्स (दर फेऱ्याला सिलिंडरमध्ये जाणाऱ्या इंधनाचं माप) वर. ब्रिजवरून वेग पडलेला दिसतो आणि ईटीए (पोचण्याची कळवलेली वेळ) डोळ्यांसमोर असतो, म्हणून फेरे वाढवायचा फोन इंजिनरूमला जातो. वाढवलेल्या प्रत्येक फेऱ्याचं इंधन नाळ लाटेत खुपसण्यात जातं. पाव नॉटही हाती लागत नाही. मग नाळ आपटायला लागते आणि कप्तानाला शेवटी फेरे उतरवावेच लागतात. पाच-सात फेरे आधीच उतरवले असते तर त्या दिवशी टन-दीड टन वाचलं असतं.

2023 पासून बऱ्याच जुन्या जहाजांच्या इंजिनांची कमाल ताकद ईईएक्सआय या ऊर्जा-कार्यक्षमतेच्या नियमासाठी मर्यादित केलेली आहे, हेही निघण्यापूर्वी लक्षात घ्यायला हवं. शांत पाण्यात ही मर्यादा जाणवत नाही. भर मोसमी वाऱ्यात सुकाणू नीट लागण्यापुरता वेग राखायचा झाला की जाणवते. जहाजाच्या सुरक्षेसाठी ती उठवता येते, पण त्याची नोंद आणि कळवणं बंधनकारक आहे.

आता मूळ मार्ग. मुंबई ते डर्बन मोझांबिकच्या सामुद्रधुनीतून सुमारे 3,800 ते 3,900 सागरी मैल. त्यातला विषुववृत्तापर्यंतचा पहिला तुकडा 1,460 मैलांचा आणि पावसाळ्यात सगळा फरक इथेच पडतो. जून ते ऑगस्ट या काळात सोमालियाच्या किनाऱ्यावरून फिंडलेटर जेट हा जोरदार वाऱ्याचा पट्टा सोकोत्राजवळून अरबी समुद्रात शिरतो आणि ईशान्येला, गुजरातच्या दिशेने सरकत जातो. जुलैत सोकोत्राच्या आसपास 30 नॉटचा वारा हा नेहमीचाच. मुंबईहून काढलेली सरळ रेषा जहाजाचं तोंड जवळपास 219 अंशांवर ठेवते, आणि वारा-लाटा येतात 235 ते 245 अंशांकडून. म्हणजे पंधरावीस अंशांचा फरक सोडला तर सगळं नाकासमोर. या पट्ट्याला हलक्यात घेऊ नये याची आठवण 17 जून 2013 ची आहे. 316 मीटरचं एमओएल कम्फर्ट हे कंटेनर जहाज येमेनपासून सुमारे दोनशे मैलांवर याच समुद्रात मधोमध मोडलं. लाटा एकट्या कारण नव्हत्या, तळाच्या पत्र्यांची ताकदही कमी पडली; पण मोडलं ते मोसमी लाटांत.

वळसा असा. मुंबईहून सरळ नैर्ऋत्येला न जाता आधी दक्षिणेकडे, 195 अंशांच्या आसपास तोंड ठेवून 9 अंश उत्तर, 70 अंश पूर्व या बिंदूपर्यंत यायचं. तिथून विषुववृत्तावरच्या त्याच जागी, 57 अंश पूर्वेला. एकूण 1,560 मैल, म्हणजे शंभर जास्त. पहिल्या तुकड्यात लाट नाळेवर 40-50 अंशांतून येते आणि जेटचा गाभा पश्चिमेला राहतो. उन्हाळी मोसमात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, त्याचाही थोडा हात मिळतो. दुसऱ्या तुकड्यात तोंड नैर्ऋत्येलाच आहे, पण तिथे वारा मंदावत दक्षिणेकडे वळलेला असतो. तोटाही सांगायला हवा. आठ अंशांच्या खाली मोसमी प्रवाह पूर्वेकडे वाहतो, म्हणजे विरोधात. कोणत्या अक्षांशावर पश्चिमेला वळायचं हे त्या आठवड्याचा प्रवाहाचा नकाशा बघूनच ठरवावं.

टनांत मांडू. सरळ रेषेवर पहिले 900 मैल 9 नॉटने, दिवसाला 25.5 टन: 100 तास, 106 टन. उरलेले 560 मैल 11.5 नॉटने, 24.5 टन: 49 तास, 50 टन. एकूण 156 टन, 149 तास. वळशावर पहिले 620 मैल 10.5 नॉटने, 25 टन: 59 तास, 61.5 टन. उरलेले 940 मैल 11.5 नॉटने: 82 तास, 83.5 टन. एकूण 145 टन, 141 तास. शंभर मैल जास्त चालून 11 टन आणि आठ तास वाचले. कार्बन डायऑक्साइड इंधनाच्या 3.114 पट जड इंधनाला आणि 3.151 पट हलक्या इंधनाला धरतात, म्हणजे सुमारे 35 टन कमी.

बहुतेक अहवाल इथे थांबतात. पण मोठी बचत यापुढेच आहे. ते आठ तास काय करणार? डर्बनला धक्का रिकामा नसेल तर लवकर पोचून नांगरावर थांबायचं, तिथे जनरेटर आणि बॉयलर दिवसाला दोन-तीन टन खाणार. त्याऐवजी वळशावर चालतानाच वेग सहज पाच टक्क्यांनी उतरवून तेच 149 तास घेतले, तर इंधन वेगाच्या वर्गाने उतरतं. 145 चे 130 होतात. म्हणजे वळशाने 11 टन आणि मिळालेल्या वेळेने आणखी 15. जनरेटरचे आठ तास त्यातून वजा करा, टनभर जाईल. तरी वेळेचा वाटा वळशापेक्षा मोठाच राहतो.

हे होत नाही त्याचं कारण समुद्रात नसून करारात असतं. व्हॉयेज चार्टरमध्ये, म्हणजे एका फेरीच्या भाडेकरारात, जहाजाने शक्य तितक्या लवकर पोचावं अशी अट असते, आणि आधी पोचून नोटीस देणाऱ्याची डेमरेजची (माल चढवा-उतरवायला उशीर झाल्याच्या भरपाईची) वेळ आधी सुरू होते. कप्तानाने स्वतःहून वेग कमी केला तर तो करारभंग ठरू शकतो. म्हणून बंदर, मालवाहक आणि भाडेकरू यांच्यात पोचण्याची वेळ आधी ठरवणारं कलम हवं. बिम्को या जहाजमालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशी तयार कलमं काढलेली आहेत, आणि 2022 मध्ये टाइम चार्टरसाठी (ठरावीक मुदतीच्या भाडेकरारासाठी) सीआयआयचं कलमही दिलं. ही कलमं घातली नाहीत तर सर्वोत्तम हवामान-सल्ल्याचा फायदा अँकरेजवर संपतो.

वेग कसा उतरवायचा यातही चूक होते. पोचण्याची वेळ ठरली की अनेक जण सगळ्या मार्गावर एकच वेग धरायचा प्रयत्न करतात. वेग सारखा ठेवायचा नाही, इंजिनचा भार सारखा ठेवायचा. ताकद घनाने वाढत असेल तर ठरलेल्या वेळेत कमीत कमी इंधन जाळायचा मार्ग म्हणजे सगळ्या तुकड्यांवर तीच ताकद लावायची आणि वेगाला खालीवर होऊ द्यायचं. खराब तुकड्यावर जहाज आपोआप मंद होतं, चांगल्यावर आपोआप सुटतं. उलट पहिला निम्मा वेळ 14 नॉट आणि उरलेला निम्मा 10 नॉट चाललं तर सरासरी 12 च राहते, पण सतत 12 ने जाण्यापेक्षा सुमारे आठ टक्के इंधन जास्त जातं. ‘आधी पळून घेऊ, मग बघू’ या सवयीची ही किंमत. अपवाद प्रवाहाचा: विरोधी प्रवाहातून थोडं जोरात बाहेर पडावं, सोबतच्या प्रवाहात थोडं सैल सोडावं. मंद चालताना भार इतकाही खाली नेऊ नये की ऑक्झिलिअरी ब्लोअर (कमी भाराला इंजिनला हवा पुरवणारा पंखा) सतत चालू-बंद होत राहील. तिथे इंजिनची कार्यक्षमता पडते, टर्बोचार्जर काजळतो आणि काजळीचं उत्सर्जन वाढतं. एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालणाऱ्या इंजिनांत कमी किंवा हेलकावणाऱ्या भाराला न जळलेला मिथेनही जास्त सुटतो.

विषुववृत्त ओलांडलं की पुढच्या निर्णयांची जात बदलते. मोझांबिकच्या सामुद्रधुनीत पश्चिम बाजूला दक्षिणेकडे जाणारं पाणी मिळतं आणि डर्बननंतर अगुल्हास प्रवाह. खंडाच्या उथळ पायरीच्या कडेला, 200 मीटर खोलीच्या रेषेलगत, त्याचा गाभा तीन-चार नॉटने वाहतो, कधी त्याहूनही जोरात. 12 नॉटच्या जहाजाला 300 मैल तीन नॉटची साथ मिळाली तर 25 तासांचे 20 होतात; पाच तासांचं इंधन जवळपास फुकट. परतीच्या, ईशान्येला येणाऱ्या जहाजाने मात्र एकतर किनाऱ्यालगत किंवा प्रवाहाच्या बरंच बाहेर राहावं. पण दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे भर हिवाळा. एकामागून एक थंड आघाड्या येतात. बॅरोमीटर उतरत जातो, ईशान्येचा वारा पडतो आणि नैर्ऋत्येचा वादळी वारा सुटतो. प्रवाह नैर्ऋत्येला, लाटा ईशान्येला. लाटा आखडतात, उंच आणि उभ्या होतात, आणि डर्बन ते ईस्ट लंडन या पट्ट्यात पायरीच्या कडेबाहेर जहाजाची नाळ गिळणाऱ्या असामान्य लाटा उठतात. अशा वेळी तीन नॉटचा मोह सोडून 200 मीटरच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरकायचं. हा निर्णय वारा फिरण्याआधी घ्यायचा असतो, नंतर नाही.

अंदाज कुठला आणि किती दिवसांचा धरायचा? हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज लाटेची उंची, स्वेल (दूरवरून आलेल्या लाटा) आणि आवर्तकाळ वेगवेगळे देतो. वर सांगितलेल्या लांबीच्या हिशेबाला हाच आवर्तकाळ लागतो. भारतीय हवामान विभाग या समुद्राचे इशारे नॅव्हटेक्स (जहाजांसाठीची रेडिओ-संदेशसेवा) आणि सॅटेलाइटवरून देतो. पाच दिवसांपर्यंतचा अंदाज मार्ग ठरवायला वापरावा, त्यापुढे ऋतुमानाच्या सरासरीवर जावं. निघण्याच्या 48 तास आधी दोन्ही मार्गांचा टनांत हिशेब करावा आणि पुढे रोज एकदा तपासावा. मोसमी वाऱ्याचा एक गुण असा की तो उत्तर अटलांटिकसारखा दर दोन दिवसांनी रंग बदलत नाही. पण त्यालाही जोर आणि उघडीप असते. पावसाने दीर्घ उघडीप दिली की अनेकदा अरबी समुद्रावरचा वाराही उतरलेला असतो. त्या आठवड्यात सरळ रेषाच स्वस्त पडते. महिना जुलैचा आहे एवढ्या कारणाने डोळे झाकून वळसा घेणं ही सरळ रेषेइतकीच मोठी चूक. डिसेंबर ते मार्च ईशान्य मोसमात तर या तुकड्यावर वळशाचा विचारही करू नये.

जूनचा पूर्वार्ध वेगळा. तेव्हा मोसमाच्या आगमनाबरोबर अरबी समुद्रात चक्रीवादळ उठू शकतं. 2007 चं गोनू, 2020 मध्ये अलिबागजवळ आलेलं निसर्ग, 2023 चं बिपरजॉय ही जूनचीच. बिपरजॉय तर जवळपास 13 दिवस टिकलं आणि त्याचा मार्ग वारंवार बदलत राहिला. इथे इंधनाचा हिशेब बाजूला ठेवायचा. 34 नॉट वाऱ्याच्या वर्तुळात 24 तासांच्या अंदाजाला 100, 48 ला 200 आणि 72 ला 300 मैल जोडून येणारं क्षेत्र पूर्ण टाळायचं. आपल्या गोलार्धात वादळाच्या वाटचालीची उजवी बाजू जास्त घातक. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होड्या लोटतात. समुद्राच्या या दोन महिन्यांची ओळख कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आधीची आहे.

नोंदी. वळशाने फायदा झाला की नाही हे सिद्ध करायला बहुतेक वेळा नोंदीच कमी पडतात. नून रिपोर्टमधली (जहाजाने रोज दुपारी पाठवायच्या अहवालातली) सर्वांत साधी चूक घड्याळाची. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे घेतलं की नून ते नून 25 तास होतात. कार्यालयात कोणी 24 ने भागलं की दिवसाचं इंधन चार टक्के जास्त दिसतं, म्हणजे जवळपास एक टन. दुसरी चूक, दुपारी बारा वाजता दिसलेला वारा पूर्ण दिवसाचा म्हणून लिहिणं. चार-चार तासांची नोंद ठेवावी. वारा सापेक्ष की खरा ते लिहावं. सी (तिथल्याच वाऱ्याने उठलेल्या लाटा) आणि स्वेल वेगळे लिहावेत. वेग जीपीएसचा (जमिनीच्या सापेक्ष) आणि लॉगचा (पाण्याच्या सापेक्ष) असा दोन्ही लिहावा, नाहीतर प्रवाहाचं श्रेय हवामानाला आणि हवामानाचा दोष इंजिनला जातो. डोलत्या जहाजावर टाकीचं साउंडिंग (पातळी मोजणं) भरवशाचं नसतं, म्हणून फ्लोमीटरचा आकडा तापमान आणि घनतेची दुरुस्ती करूनच घ्यावा.

आणखी एक गोष्ट हवामानाचा वेष घेऊन येते: तळाला बसलेलं शेवाळ आणि कालवं. मुंबईच्या उबदार पाण्यात तीन-चार आठवडे नांगरावर काढले की प्रोपेलरवर थर बसतो आणि स्लिप चार-पाच टक्क्यांनी वाढू शकते. मार्ग सुचवणाऱ्या प्रणालीत मात्र जहाजाचा वेग-इंधन वक्र बहुतेकदा स्वच्छ तळाचा, चाचणीच्या दिवसाचा असतो. तो वापरला की अंदाजातलं इंधन प्रत्यक्षापेक्षा कमी येतं आणि फरक ‘अपेक्षेपेक्षा खराब समुद्र’ म्हणून लिहिला जातो. ओळखायचं असं: वारा बोफोर्ट मापावर 4 किंवा कमी असलेले दिवस वेगळे काढा. त्या दिवसांचीही स्लिप वाढलेली असेल तर दोष तळाचा आहे. तेव्हा वळशाआधी पाणबुडे बोलवून प्रोपेलर घासून घेणं जास्त टन वाचवेल.

शेवटी सीआयआय. 5,000 ग्रॉस टनाहून मोठ्या जहाजांना 2023 पासून ए ते ई अशी वार्षिक श्रेणी लागू आहे. 2019 च्या पातळीपेक्षा 2023 मध्ये 5, 2024 मध्ये 7, 2025 मध्ये 9 आणि 2026 मध्ये 11 टक्के कमी, अशी पट्टी चढत गेली आहे. सलग तीन वर्षं डी किंवा एकदा ई आली की सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. बल्क कॅरिअरसाठी हा आकडा म्हणजे वर्षाचा कार्बन डायऑक्साइड भागिले डेडवेट गुणिले चाललेले मैल. मैल छेदात आहेत, आणि शंकेचं मूळ तिथेच आहे. समजा एका मार्गावर 1,500 मैलांना 140 टन लागले: मैलाला 93 किलो. दुसरा मार्ग निवांत पाण्यातला, 1,700 मैल आणि 150 टन: मैलाला 88 किलो. श्रेणी पाच टक्क्यांनी सुधारली, आणि हवेत 31 टन कार्बन डायऑक्साइड जास्त गेला. असा वळसा कोणी सुचवला तर तो नाकारावा. आपल्या वरच्या उदाहरणात मैलामागचं इंधन 107 किलोंवरून 93 किलोंवर आलं, पण तो पुरावा नव्हे. पुरावा 156 चे 145 झाले हा आहे.

युरोपकडे जाणाऱ्या जहाजाला पैशाचा हिशेबही टनांतच द्यावा लागतो. भारत ते युरोप प्रवासाच्या निम्म्या उत्सर्जनावर युरोपीय संघाचे परवाने विकत घ्यावे लागतात: 2024 च्या उत्सर्जनाच्या 40 टक्क्यांसाठी, 2025 च्या 70 आणि 2026 पासून पूर्ण. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर 2023 च्या अखेरीपासून अनेक जहाजं सुएझ सोडून केपवरून जाऊ लागली. मुंबई ते रॉटरडॅम सुमारे 6,300 मैलांच्या जागी साडेदहा हजारांहून जास्त. तिथे वाढलेल्या प्रत्येक टनाचं बिल येतं, मैलामागचा आकडा कितीही देखणा असला तरी.

म्हणून प्रत्येक प्रवासाच्या अहवालात धक्का ते धक्का जळलेलं एकूण इंधन टनांत, लागलेले एकूण तास नांगरावरच्या तासांसह, आणि न घेतलेल्या मार्गाचा त्याच हवामानात नंतर काढलेला हिशेब, हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी मागा. तिसरा आकडा निघण्याआधीच्या अंदाजावर काढू नका. प्रत्यक्षात जो वारा वाहिला आणि ज्या लाटा उठल्या, त्यांवर काढा. सल्ला देणारे तो मागितल्याशिवाय सहसा देत नाहीत. मागितला की देतात.